लोरेन्झची घंटा

त्या वर्षी गवताच्या गाडीला आम्ही गाय जुंपली. घोडा सैन्यानं नेला त्याला दोन वर्षं झाली होती. गाय गाडीला सरावलेली नव्हती. चढ आला की ती थांबायची आणि मान वळवून मागे बघायची, जणू गाडी कुणी आणून ठेवली हे तिला समजून घ्यायचं होतं. मी पुढून कासरा ओढायची, आई मागून ढकलायची, आणि वर कुरणात बाबा एकटे लांब दांड्याचा विळा चालवत असायचे. एकसष्ट वर्षांचा माणूस. दर दोन पट्ट्यांनंतर ते थांबत, कमरेला बांधलेल्या शिंगातला धारेचा ओला दगड काढून पात्यावर फिरवत. धार गेलेली नसायची. दम गेलेला असायचा.

सतरा सालचा जुलै. लढाई लागल्यापासूनचं तिसरं गवत.

टपाल आणणारी जेनोव्हेफा एरवी कुरणाच्या खालूनच हाक मारायची. तिचा नवरा टपालवाला. तो आघाडीवर गेल्यावर पिशवी तिनं गळ्यात घातली होती. त्या मंगळवारी तिनं हाक मारली नाही. बूट ओले करत ती सरळ वर चढून आली, आईला मागे टाकून बाबांपाशी गेली आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं. आईनं दंताळं खाली ठेवलं नाही. बाबांनी पाकीट माझ्याकडे दिलं, कारण घरात वाचणारी मी.

माझा भाऊ लोरेन्झ फ्लांडर्समध्ये अकरा जूनला पडला, असं कंपनीच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं. लगेच गेला, त्रास झाला नाही. पुढे दोन ओळी राजासाठी आणि देशासाठी. मी त्या वाचल्या की गाळल्या ते आता आठवत नाही.

चर्चच्या चाव्या आणि घंटांचे दोर तीन पिढ्या आमच्या घराकडे होते. गाव आम्हाला घंटेवाले म्हणायचं. मनोऱ्यात घंटा तीन: थोरली, मधली, धाकटी. पुरुष गेला की थोरली, बाई गेली की मधली, मूल गेलं की धाकटी; प्रत्येक वेळी मध्ये तीनदा थांबून, म्हणजे कुरणातल्या माणसाला टोपी काढून प्रार्थना म्हणायला वेळ मिळतो. वादळ आलं तर ढग पांगवायला थोरली. आणि धाकटी एकटी, घाईनं, न थांबता वाजली तर आग. मग हातातलं टाकायचं, बादली उचलायची आणि धावायचं. हे गावातलं चार वर्षांचं पोरही जाणायचं.

लढाई लागल्यापासून बाबांनी थोरली अकरा वेळा अशा मुलांसाठी वाजवली होती, ज्यांचं प्रेत गावात आलंच नाही. पत्र येईल त्याच दिवशी वाजवायची, असं त्यांनी ठरवलं होतं, कारण आत्म्याला आधीच उशीर झालेला असतो. हळूहळू असं झालं की बाबा अवेळी चर्चच्या वळणाकडे निघाले की बायका हातातलं काम थांबवून उभ्या राहत. काही जणी त्यांना बघून दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागल्या. बाबांनी हे कधी घरात बोलून दाखवलं नाही. मलाच ते दिसायचं.

त्या मंगळवारी ते घरी आले, हात धुतले आणि काळा कोट घातला. विजारीला खाली गवत चिकटलेलं तसंच होतं. आई दारात उभी होती.

"आज नाही," ती म्हणाली.

बाबांनी तिला सांगितलं की नियम नियम आहे, आणि परवा तर तोफांच्या धातूसाठी घंटा न्यायला माणसं येणार आहेत. आईनं आभाळाकडे बोट केलं. पश्चिमेला ढग होते. वर कुरणात पाच ओळी कापलेलं गवत पडलं होतं. ते भिजलं तर हिवाळ्यात गाय कशावर ठेवायची, असं तिनं विचारलं. बाबांनी वर ढगांकडे बघितलं. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि गवत उचलायचा काटा घेऊन परत वर गेले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं गाडी भरत होतो. कुणी रडलं नाही. मला वाटत राहिलं की मी काहीतरी चुकीचं वाचलं असावं.

पाऊस आला नाही.

बुधवारी सकाळी जेनोव्हेफा परत आली, ती धावतच. हातात पोस्टकार्ड होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, लोरेन्झच्या हातचं. "आज संत फाइटचा दिवस. तुमच्याकडे गवत उभं असेल. इथं पाऊस संपत नाही आणि बूट वाळत नाहीत. ओटिलीला सांगा, विळ्याचं पातं ठोकून पातळ करताना घाई करू नको. मी बरा आहे."

संत फाइटचा दिवस पंधरा जून. पत्रात अकरा.

आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत होतं, पण अक्षर अक्षर लावून. तिनं बोट ठेवून ती ओळ तीनदा वाचली. मग बाबांकडे वळली. म्हणूनच काल आपला पाय दारातून हलला नाही, असं म्हणाली. मेलेला माणूस चार दिवसांनी कार्ड लिहितो का, असं तिनं बाबांनाच विचारलं, जसं काही पत्र त्यांनीच लिहिलं होतं. बाबांनी कार्ड उलटून शिक्का बघितला. शिक्का ओला होऊन पसरला होता. त्यात एक हा आकडा दिसत होता, पुढे निळा डाग.

बाबा पाद्रींकडे गेले. मी बरोबर गेले. पाद्री मधमाश्यांचं काम करत होते. त्यांनी तोंडावरची जाळी वर केली आणि दोन्ही कागद उन्हात धरून बघितले. शेवटी म्हणाले की लोरेन्झच्या नावानं प्रार्थना करता येईल, ती जिवंतालाही चालते आणि मेलेल्यालाही; तारीख देवाला ठाऊक आहे. घंटेचं मात्र त्यांना सांगता येईना. जिवंत माणसासाठी मरणाची घंटा वाजवली तर ती त्याला ओढून नेते, हे आमच्याकडे सगळे मानतात. पाद्रीही आमच्याच भागातले होते.

परत येताना बाबा पुलावर थांबले. उद्या थोरली जाणार. आज वाजवली नाही तर पुन्हा कधी नाही. लोरेन्झ गेला असेल तर त्याला गावाच्या प्रार्थनेशिवाय तसंच सोडायचं. गेला नसेल तर आपल्याच हातानं त्याला ढकलायचं. हे ते एवढं नीट मांडून बोलले नाहीत. मी त्यांच्या तुटक बोलण्यातून जुळवलं.

मग त्यांनी मला विचारलं, "ओटिली, तुला काय वाटतं?"

फेब्रुवारीत लोरेन्झ रजेवर आला होता. दहा दिवस होता. रोज सकाळी स्वयंपाकघरात यायचा, चुलीशी बसायचा आणि मला हळूच विचारायचा, आज वार कोणता. सांगितलं की मान डोलवायचा. दुपारी पुन्हा विचारायचा. एकदा रविवारी, आम्ही चर्चहून आल्यावर, त्याच्या अंगावर अजून चांगला कोट होता, आणि तेव्हाही त्यानं विचारलं. ज्याला लहानपणापासून सगळे संत त्यांच्या दिवसांसकट पाठ, त्या मुलानं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पुलावर मी बाबांना म्हणाले, "घंटेवाल्याचा मुलगा संतांचे दिवस चुकत नाही."

त्यांना तेच ऐकायचं होतं, किंवा मला तसं वाटलं. ते घरी आले आणि विळ्याचं पातं ठोकत बसले. थोरली त्या दिवशी फक्त दुपारच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वाजली.

गुरुवारी माणसं आली. शहरातला एक ठेकेदार, तीन कामगार, एक कागदवाला. थोरली खिडकीतून बाहेर निघणार नव्हती, म्हणून ती वरच फोडायची होती. बाबांनी वर जायची गरज नव्हती. पण वरच्या खिट्ट्या कुठं आहेत ते त्यांनाच माहीत, म्हणून ठेकेदारानं त्यांना कंदील धरायला नेलं. मी जिन्याच्या शेवटच्या वळणावर उभी होते. ठेकेदारानं पहिला बोल्ट पान्यानं फिरवला आणि तो सहज फिरला. तो खूश झाला. इतर गावांत गंजलेले बोल्ट छिन्नीनं तोडावे लागतात, म्हणाला, इथं कुणीतरी चांगली काळजी घेतलीय. बाबा दर वर्षी नाताळाआधी वर जाऊन प्रत्येक बोल्टला डुकराची चरबी लावत. त्यांनी कंदील दुसऱ्या हातात घेतला.

घण पडायला लागले तेव्हा खाली गावात कुत्री भुंकू लागली. पहिले पाच-सहा घाव पडले तोवर ती घंटाच होती, तिच्याच आवाजात वाजत होती. मग आवाज फुटला. तुकडे खिडकीतून खाली गवतावर टाकले. मधली अख्खीच दोरानं उतरली, तिला शाळेतल्या मुलींनी हार घातला. धाकटी ठेवली. कागदवाला म्हणाला की एक ठेवायची परवानगी आहे. नव्या घंटा पुढे कित्येक वर्षांनी आल्या, पोलादाच्या. आई गेल्या फेब्रुवारीत गेली, तिला त्यांतल्याच एकीनं निरोप दिला. आवाज ताटलीसारखा येतो.

त्या संध्याकाळी गावप्रमुखानं ढोल वाजवून सांगितलं की यापुढे सगळ्याला धाकटीच: प्रार्थनेला, दुपारला, मरणाला. मरणाला हळू आणि तीनदा थांबून, आगीला भराभर. लोकांनी ऐकलं आणि गवताकडे गेले.

पंधरा दिवसांनी वादळ आलं. सगळ्या गावाचं कुरण कापलेलं होतं. बाबा मनोऱ्याखाली जाऊन दोर हातात धरून उभे राहिले आणि नुसतेच परत आले. धाकटीला ढग कुठला भितो. गारांनी गवत चिखलात बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते उलटत होतो तेव्हा शेजारची म्हातारी रोझिना कुंपणाशी आली. तिचे दोन नातू त्या अकरांत होते. "किलियान," ती म्हणाली, "आता ढगाला काय दाखवतोस, विळा?" तिच्या बरोबरच्या बायका हसल्या. बाबाही हसले. मग रोझिना म्हणाली, "आमच्यांसाठी मात्र लागलीच वाजवलीस हो. ऊन उतरायच्या आत."

आई दंताळं टाकून कुंपणापर्यंत गेली. आपला मुलगा जिवंत आहे, असं तिनं सांगितलं. त्याचं कार्ड आलंय, संत फाइटच्या दिवसाचं. हवं तर दाखवते. रोझिनानं तिच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली, इतक्या हळू की आईला तेच जास्त लागलं.

त्यानंतर आई ते कार्ड पोलक्यात ठेवू लागली. घामानं पेन्सिल पुसत गेली. लोरेन्झसाठी तिनं मोजे विणायला घेतले. पाव पुरत नव्हता, पिठात बटाटा घालत होतो, तरी रविवारी ती एक तुकडा कापून झाकून ठेवायची आणि सोमवारी बाबांच्या ताटात वाढायची. बाबा तो खायचे. कार्डानंतर पुढचं कार्ड आलं नाही, यावर आम्ही तिघं एकमेकांशी बोललो नाही. कधी मला वाटायचं तो आहे, कधी वाटायचं नाही, आणि एकाच सकाळी दोन्ही वाटायचं. दूध काढताना तो असायचा. कासंडी घरात आणेपर्यंत नसायचा.

ऑगस्टच्या मध्याला राईची, म्हणजे पावाच्या धान्याची, कापणी चालू असताना पार्सल आलं. कापडात शिवलेलं. आई शेतात होती. आम्ही तिला बोलावलं. आत प्रार्थनेचं पुस्तक, पाइप, चाकू, एक शर्ट, आणि त्याच्या खंदकातल्या जोडीदाराचं पत्र. जोडीदार पलीकडच्या खोऱ्यातला, लाकूडतोड्या. त्यानं सरळ लिहिलं होतं. आठ दिवस तोफा थांबल्या नव्हत्या, खंदकात रात्र-दिवस एक झाला होता. लोरेन्झ कार्ड लिहायला बसला आणि म्हणाला आज संत फाइट. मी म्हणालो, नाही. एका सिगारेटची पैज लागली. आघाडीवरून मागे आल्यावर मी कारकुनाला विचारलं, तो दिवस दहा जून होता. पैज मी जिंकलो, पण सिगारेट द्यायला तो नव्हता.

मी हे मोठ्यानं वाचलं. वाचताना माझा आवाज नीट होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मला पुलाची आठवणही करून दिली नाही. पुढेही कधी नाही.

आईनं शर्ट उचलून शिवण बघितली. ही माझी शिवण नाही, म्हणाली. ती तिचीच होती. शर्ट घडी करून ठेवला आणि शेताकडे निघाली. पेंढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. मी तिच्यामागे गेले.

ती वाकून राईची मूठ वळायची, गुडघा टेकून पेंढी आवळायची, पुढे सरकायची. मी तिच्या मागे पेंढ्या उभ्या करत होते. ऊन माथ्यावरून कलायला आलं होतं. आणि धाकटी वाजली.

भराभर. न थांबता.

मी घंटेवाल्यांची मुलगी. बाबा कुठं असतील ते मला कळायला हवं होतं. नाही कळलं. मी धावले. आई माझ्या पुढे धावली. ओढ्याशी ठेवलेली प्यायच्या पाण्याची बादली तिनं बुडवून भरली आणि चढावर धावत सुटली. सगळ्या शेतांतून माणसं धावत होती: म्हातारे, बायका, शेतकामाला लावलेला रशियन युद्धकैदी आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा लंगडा शिपाई, तोही बादली घेऊन. धूर कुणालाच दिसत नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या छपराकडे बघत होता.

चर्चपुढे सगळे जमले. रोझिनाकडे दुधाची कासंडी होती, पाण्यानं भरलेली. गावप्रमुख शर्टाच्या बाह्या वर करून विचारत होता, कुठं, कुठं लागलीय. कुणी म्हणालं वरच्या आळीला, कुणी म्हणालं गिरणीला. दोघं तिकडे पळाले आणि परत आले. घंटा वाजतच होती.

आई मनोऱ्याच्या दारातून आत गेली. मी मागे.

बाबांच्या अंगात काळा कोट होता. थोरलीला ओढताना पाय जमिनीवरून उचलले जात आणि सगळं अंग खाली टाकावं लागे. चाळीस वर्षांत त्यांच्या पाठीनं तेच शिकलं होतं. आताही ते तसंच ओढत होते, पूर्ण अंगानं, आणि वर ती एवढीशी घंटा वेड्यासारखी फेकली जात होती. दोर त्यांच्या हातातून निसटून उडत होता, ते तो पकडत होते, पुन्हा अंग टाकत होते. बाहेरचा गोंगाट त्यांना ऐकू आलेला नव्हता.

"किलियान," आई म्हणाली. मी तिला त्यांचं नाव घेताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी दोर धरला. घंटा दोन-चार ठोके स्वतःच वाजली आणि थांबली.

"ही हाताला वजनच देत नाही," ते म्हणाले. "मी हळू ओढतोय. ती हळू येतच नाही."

आईनं बादली खाली ठेवली. पाणी दगडांवर सांडलं.

"सारं गाव बादल्या घेऊन उभं आहे बाहेर," ती म्हणाली. "पोराला असं वाजवतात का? एक हात सोडा. पाय हलवू नका. मी म्हणेन तेव्हा."

तिनं त्यांच्या मनगटावर आपला हात ठेवला. दोर स्थिर होऊ दिला. मग म्हणाली, आता. त्यांनी ओढलं. तिनं मनगट धरून ठेवलं, घंटा परत येईपर्यंत. आता. बाहेरचं बोलणं हळूहळू कमी झालं. पहिल्यांदा थांबले तेव्हा मला बादल्या एकामागून एक जमिनीवर ठेवल्या गेल्याचं ऐकू आलं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा रोझिनाच्या प्रार्थनेचा आवाज आला, आणि मग बाकीच्यांचा. तिसऱ्यांदा थांबल्यावर आईनं हात काढून घेतला. बाबांच्या मनगटावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे होते.

बाहेर आलो तेव्हा लोक तिथंच उभे होते. आणलेल्या पाण्याचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. ते चर्चच्या आवारात ओतावं की घरी न्यावं, असं एकमेकांकडे बघत होते. शेवटी त्यांनी ते लिंडेनच्या झाडाशी ओतलं, ओळीनं, आणि कापणीकडे परत गेले. आम्हीही गेलो. ऊन होतं अजून.

पण आवाज डोंगरापलीकडे गेला होता. दिवस उतरेपर्यंत वरच्या वाड्यांवरून माणसं येत राहिली. आग विझली का? कुणाचं मूल? त्यांनी आधी आग ऐकली होती, मग मूल ऐकलं होतं. पुरुष कुणीच ऐकला नव्हता. मी फाटकाशी उभी राहून सांगत होते: आग नाही. मूलही नाही. पुढचं माझ्या तोंडून निघायचं नाही, आणि ते तिष्ठत राहायचे. बाबा गोठ्यात होते, बाहेर येत नव्हते.

सगळ्यांत शेवटी वरच्या वाडीचा म्हातारा बाल्टासार आला. तासभराच्या वाटेवरून तो खांद्यावर शिडी घेऊन आला होता, आणि दुसऱ्या हातात जळतं छप्पर ओढून पाडायचा आकडा. कुणाचं घर, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, आग नाही. मग कुणाचं पोर, असं तो म्हणाला.

आई मागून आली. हात एप्रनला पुसत होती.

"आमचं," ती म्हणाली. "लोरेन्झ. चोवीस वर्षांचा. त्याला थोरली द्यायची होती."

बाल्टासारनं टोपी काढायला हात वर नेला, पण एका हातात आकडा आणि दुसऱ्यानं खांद्यावरची शिडी धरलेली. खाली काय ठेवावं, आधी काय ठेवावं, ते त्याला सुचेना. तो तसाच उभा राहिला, ओठ हलवत. आई फाटकाबाहेर गेली आणि त्याला टोपी काढता यावी म्हणून तिनं शिडीचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं.